खंड्याची पालखी

सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे तीन मैलांवर कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्यांचा संगम आहे. त्या संगमावर वसलेले माहुली हे क्षेत्र इतिहासाच्या वाचकांस दोन कारणांनी परिचित असते. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. आणि सातारच्या छत्रपतींच्या घराण्यातील अनेक स्त्रीपुरुषांवर अंत्यसंस्कार झाले तेही येथेच. घाटाच्या पायऱ्या, जुनी देवळे, काळवंडलेले दगड, आणि त्यांच्या आसपास राजघराण्याच्या समाध्या असा येथील देखावा आहे. परंतु या समाध्यांच्या मेळाव्यात एक स्मारक असे आहे की, ते पाहून प्रवासी क्षणभर थबकतो. ते कोणा राजाचे नव्हे, राणीचे नव्हे, साधूचेही नव्हे. ते एका कुत्र्याचे आहे. थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा. लोक त्यास खंड्या म्हणतात.

थंडीच्या दिवसांत लहान कुत्र्यांचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न अलीकडे सातारा-सांगलीकडच्याही पुष्कळ घरांतून निघू लागला आहे. या प्रश्नाचा आणि अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या खंड्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो दाखवावा, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

शाहू महाराजांचा जन्म १६८२ मधील. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते मातुःश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती सापडले, आणि पुढील सुमारे अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या छावणीत काढली. १७०७ मध्ये सुटका झाली. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. आणि १७४९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, तेथेच त्यांचा अंत झाला. बालपण कैदेत गेलेल्या या पुरुषास शिकार, घोडे, कुत्रे, पक्षी आणि बागा यांचा मोठा छंद होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी एकमुखाने सांगितले आहे. एका शिकारीच्या प्रसंगी महाराजांवर वाघाचे संकट आले असता या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले. आणि त्या उपकाराची फेड म्हणून महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनद करून जहागीर दिली व पालखीचा मान दिला, अशी हकीकत आहे.

ही केवळ दंतकथा असती, तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नमूद केली आहे. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. दप्तरे त्याच्या हाताखालून गेली होती आणि जुनी माणसेही अद्याप हयात होती. त्याने लिहिले आहे ते असे की, दोन मातबर सरदारांच्या भेटीसाठी दरबार भरला असता महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्यास किनखाब व रत्ने लेवविली, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेविली, आणि तेव्हापासून स्वतः कधीही डोईस काही घातले नाही. जहागिरीची सनद आणि पालखी यांचीही नोंद तो करितो. आणि महाराजांची मर्जी राखण्यासाठी त्या पालखीचा सर्व सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला होता, हेही सांगतो. मात्र ही सारी हकीकत त्याने महाराजांच्या बुद्धिभ्रंशाच्या सदराखाली घातली आहे. त्याच्या दृष्टीने कुत्र्याची पालखी हे वेडाचे लक्षण होते.

मराठी परंपरा हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगते. इंद्रोजी कदम नावाचा एक धनाढ्य सरदार मोठ्या डामडौलाने महाराजांच्या भेटीस आला. आपल्या वैभवाने छत्रपतींचेही डोळे दिपवावेत, अशी त्याची ऐट होती. महाराजांनी काय करावे? स्वतः साधी वस्त्रे परिधान केली आणि आपले सर्व जडजवाहीर कुत्र्याच्या अंगावर घालून त्यास दरबारात बसविले. रत्ने ही कुत्र्याच्या गळ्यातही शोभतात, त्यांच्यावरून माणसाची किंमत ठरत नाही, हा बोध सरदाराने घ्यावा अशी ती योजना होती. किंकेड आणि पारसनीस यांच्या इतिहासात ही परंपरा आढळते. दत्तात्रय बळवंत पारसनीस हे स्वतः सातारचे रहिवासी. महाबळेश्वरावर आणि सांगली संस्थानावर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. या मुलखाच्या कथा-दंतकथा त्यांच्याइतक्या आपुलकीने गोळा करणारे संशोधक थोडेच झाले.

एकाच घटनेचे हे दोन अर्थ आहेत. डफला तेथे बुद्धीचा ऱ्हास दिसला, देशी लोकांस शहाणपण दिसले. या वादाचा निकाल लावण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु दोन्ही पक्षांचे लक्ष ज्या वस्तूवर खिळले आहे ती वस्तू एकच, आणि ती म्हणजे किनखाब. दरबारचा तो एक दिवस, ती रत्ने, ती पगडी! किनखाब हा पाहणाऱ्यांसाठी होता. त्यापासून कुत्र्यास काडीचेही सुख झाले असेल असे वाटत नाही. उलट सनदेची गोष्ट वेगळी आहे. जहागीर म्हणजे दरसाल येणारे उत्पन्न. पालखी म्हणजे तिच्याबरोबर भोई, चाकर आणि रोजचा खर्च. उपकाराची आठवण एका दिवसाच्या उत्साहावर न सोडता दप्तरात नोंदवून ठेवण्याची ही तजवीज होती. वेड असो वा शहाणपण असो, या तजविजीत एक पद्धत आहे. आणि मुक्या प्राण्याविषयी कळवळा वाटणाऱ्या आजच्या गृहस्थासही तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कुत्र्यास राजाश्रय मिळण्याचे हे दख्खनमधील पहिलेच उदाहरण नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन आहे, आणि त्यांत सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. देवांच्या दारीही कुत्र्यास मज्जाव नाही. कऱ्हाडजवळच्या पालीस पौषात खंडोबाची यात्रा भरते. त्या खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतोच. कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यातील औदुंबर हे दत्तात्रेयाचे क्षेत्र. दत्ताच्या चित्रात पायाशी चार कुत्रे बसलेले असतात आणि भाविक त्यांस चार वेद मानतात. महाभारताचा अखेरचा भाग तर एका कुत्र्यावाचून पुराच होत नाही. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. धर्मराजाबरोबर टिकला तो एक कुत्रा. त्यास टाकून स्वर्गाच्या रथात बसण्यास धर्मराज कबूल झाला नाही. बर्फाच्या प्रदेशात कुत्र्याची सोबत न सोडणारा हा आपल्या वाङ्मयातील सर्वांत थोर पुरुष होय. असे असूनही आपल्या भाषेत कुत्रा ही शिवी आहे, आणि कुत्र्याचे जिणे म्हणजे हलाखीची परिसीमा! पुराणातील कुत्र्यास नमस्कार आणि दारातल्या कुत्र्यास दगड, हा विरोध आपल्या अंगवळणी पडला आहे.

आता थंडीकडे वळू. साताऱ्यास बर्फ पडत नाही, सांगलीस तर नाहीच नाही. परंतु ज्या वेण्णेच्या संगमावर खंड्याचे स्मारक आहे, ती नदी महाबळेश्वराच्या पठारावरून येते. आणि त्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे वेण्णा तलावाच्या काठी व लिंगमळ्याच्या सखल भागात गवतावरचे दव गोठून पांढरे होते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर, मोटारींच्या टपांवर हिमकणांचा थर दिसतो, आणि तो पाहावयास लोक पहाटे उठून जातात. महाबळेश्वरची उंची सुमारे साडेचार हजार फूट. इतक्याशा उंचीवर आणि आपल्या अक्षांशात पाणी गोठते कसे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते. जमिनीला लागून असलेली हवा त्यामुळे प्रथम थंड होते. थंड हवा जड, म्हणून ती उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. परिणामी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगलेला उष्णतामापक शून्याच्या पुष्कळ वर असतो, आणि त्याच वेळी पायाखालचे गवत मात्र शून्यास पोहोचलेले असते.

ही गोष्ट लहान कुत्र्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ज्याचे पोट जमिनीपासून चार-सहा बोटांवर आहे, तो प्राणी आपल्या हवेत राहतच नाही; तो त्या तळच्या, अधिक थंड हवेत राहतो. मालकास जी गुलाबी थंडी वाटते, ती त्याच्या पायाशी चालणाऱ्या जनावरास बोचरी थंडी असते. दुसरे कारण गणिताचे आहे. हंडाभर कढत पाणी आणि पेलाभर कढत पाणी शेजारी शेजारी ठेवले, तर पेला आधी निवतो. वस्तू लहान होत जाते तसा तिच्या आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग वाढत जातो, आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट म्हणजे हा पृष्ठभागच होय. कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये, थंड प्रदेशांतील प्राणी आकाराने मोठे का आढळतात, याची उपपत्ती याच तत्त्वावर लावली. लहान कुत्रे हे पेलाभर पाणी आहे, एवढे ध्यानात धरले की पुढील सर्व उपाय आपोआप सुचतात.

या मुलखाचे जुने कुत्रे लहान नव्हतेच. सांगली जिल्ह्यातील जत, कवठे महांकाळ या कोरड्या तालुक्यांत आणि शेजारच्या कर्नाटकात उंच, सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा धनगरांनी व शिकाऱ्यांनी पाळला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जोपासली, म्हणून त्यास मुधोळ हाउंड असेही नाव पडले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्याचे चित्र तिकिटावर छापले. हा कुत्रा उष्ण माळरानासाठी घडलेला आहे. कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी नाही. म्हणून उंची असूनही त्यास थंडी बाधते. त्याच्याच एका जातीस, कान-शेपटीवर रेशमासारखे लांब केस असल्यामुळे, पश्मी म्हणतात. धनगराच्या तळावर या कुत्र्यांची थंडीची सोय कशी होई? ते मेंढरांच्या अंगास अंग लावून निजत, किंवा धन्याच्या घोंगडीच्या कडेला शिरत. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची ही घोंगडी. माण तालुक्यातील म्हसवडची घोंगडी अजूनही नावाजलेली आहे. लोकर दवाने ओलसर झाली तरी ऊब सर्वस्वी सोडीत नाही, हा तिचा गुण धनगरास शास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होता. शिवाय माण-फलटणकडील पुष्कळ धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरत आणि चाऱ्यासाठी कोकणच्या उबदार पट्टीत हिवाळा काढीत. त्यांच्या कुत्र्यांस आपोआपच थंडी चुकत असे.

लहान कुत्री या भागात आली ती मुख्यतः साहेबाच्या पाठोपाठ. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेचा अधिकारी लॉडविक हा दाट रानातून वाट काढीत महाबळेश्वरच्या कड्यावर पोहोचला. त्या सफरीत त्याचा कुत्रा बिबळ्याने उचलून नेला, असे जुन्या वर्णनांत सांगतात. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याने प्रतापसिंह महाराजांच्या साहाय्याने तेथे हवा खाण्याचे ठाणे वसविले, आणि मग साहेबांच्या बंगल्यांतून कुत्र्यांसाठी गाद्या दिसू लागल्या. पुढे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्सहून लहान चणीचा पॉमेरेनियन आणला आणि त्या जातीच्या छोट्या कुत्र्यांचे वेड सर्वत्र पसरले. आज साताऱ्याच्या पेठांत आणि सांगलीच्या विश्रामबागेत पॉमेरेनियन, पग, डॅक्सहुंड, ल्हासा आप्सो, शित्झू ही नावे घरोघर ठाऊक आहेत.

या सर्वांस एकच नियम लावणे चुकीचे होईल. पॉमेरेनियन आणि ल्हासा आप्सो हे थंड प्रदेशांचे वंशज. त्यांच्या अंगावर दुहेरी केसांचे पांघरूण निसर्गानेच घातलेले आहे. त्यांस साताऱ्याच्या थंडीत लोकरीचा सदरा घालणे म्हणजे घोंगडीवर घोंगडी! त्यांचे केस थंडीत कापू नयेत, विंचरून मोकळे ठेवावेत, एवढे पुरे; कारण ऊब केसांत नसते, केसांमध्ये कोंडलेल्या हवेत असते आणि गुंता झाला की ती हवा नाहीशी होते. याच्या उलट डॅक्सहुंड, चिवावा, पग यांचे केस आखूड. त्यांस पहाटे बाहेर नेताना पोट झाकेल अशी झूल घालावी, आणि ती दवाने भिजली तर तत्काळ काढावी. ओली झूल ही नागव्या अंगापेक्षाही वाईट. म्हातारे, आजारी आणि अगदी लहान कुत्रे कोणत्याही जातीचे असले तरी त्यांस थंडी अधिक बाधते.

परंतु घरात पाळलेल्या कुत्र्याची काळजी घेणारे घर आहे. खरी हानी होते ती रस्त्यावर. भाद्रपद महिना हा कुत्र्यांच्या माजाचा, हे आपल्याकडे म्हणीसारखे झाले आहे. कुतरीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो. भाद्रपदापासून हिशेब केला म्हणजे पिले जन्मतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, आणि आईचे दूध सुटून ती एकटी भटकू लागतात ती मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे वर्षातील सर्वांत थंड रात्रींत. नवजात पिलास आठवडाभर कुडकुडताही येत नाही. स्वतःच्या देहाची उष्णता राखण्याची शक्ती त्यास पुढील तीन-चार आठवड्यांत हळूहळू येते. तोवर आई आणि भावंडे हीच त्याची शेगडी. आई अन्नाच्या शोधात गेली आणि खालची फरशी गार असली की, रात्रीत एखादे पिलू कमी होते. सकाळी झाडलोट करणारा ते उचलतो आणि कोणाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

गावातील कुत्रे विझलेल्या चुलीच्या राखेत निजते, आणि आपण त्यास गलिच्छ म्हणतो. वास्तविक त्यास पदार्थविज्ञान आपल्यापेक्षा बरे समजते. शहाबादी फरशी अंगातील उष्णता शोषून घेते. कोमट राख ती देते आणि पुढे निवली तरी अंग व जमीन यांच्यामध्ये राहते. म्हणून पहिला उपाय पांघरुणाचा नव्हे, अंथरुणाचा आहे. दोन विटांवर एक फळी किंवा लाकडी खोके ठेवावे. त्यात गोणपाट किंवा भाताचा पेंढा घालावा. उघड्यावर चादरीपेक्षा पेंढा बरा, कारण चादर दव पिऊन गारठते, पेंढ्यावरून ते निथळते. खोके मोठे नसावे. आत शिरून अंग वळविता आले म्हणजे झाले, कारण मोठी खोली तापविण्यास मोठे अंग लागते. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस असावे. अन्न थोडे अधिक द्यावे, पाणी कोमट द्यावे. आंघोळ घालावयाचीच तर भर दुपारी घालून अंग पूर्ण कोरडे करावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे माणसास जसे प्राणघातक तसेच कुत्र्यासही; त्या विषारी वायूस वास नसतो. पिले उबेसाठी मोटारीच्या खाली व यंत्राच्या आसपास शिरतात. म्हणून सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्या टपावर दोन थापा मारण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

कुत्रे कुडकुडत असेल, पाय आळीपाळीने उचलीत असेल, तर त्यास थंडी वाजत आहे असे समजावे. परंतु कुडकुडणारे कुत्रे एकाएकी शांत झाले, मलूल पडले, तर ते बरे झाले असे समजू नये. देह हरू लागल्याचे ते लक्षण होय. अशा वेळी विस्तवाजवळ नेऊन भाजू नये. कोरड्या लोकरीत गुंडाळावे, कापडात लपेटलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या अंगाशेजारी ठेवाव्यात, आणि पशुवैद्यास बोलवावे. गारठलेल्या पिलाच्या तोंडात दूध ओतू नये. अंग उबदार होईपर्यंत ते त्यास पचत नाही, आणि पुष्कळदा श्वासनलिकेत जाते.

आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे कॅनडा, अमेरिका किंवा युरोपात आहेत, त्यांच्या घरच्या कुत्र्यांस तर खऱ्या बर्फाशी गाठ आहे. तेथील पत्रांतून व दूरध्वनीवरून कळणारी संकटे निराळी असतात. रस्त्यावरचे बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ पंजांस झोंबते आणि चाटल्यास पोटात जाते, म्हणून घरी येताच कोमट पाण्याने पाय धुवावे लागतात. बोटांमधील केसांत बर्फाच्या गोळ्या बनतात. मोटारीच्या पाण्यात न गोठण्यासाठी घालतात ते द्रव्य चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. त्या प्रदेशांतील मूळच्या कुत्र्यांचे पंजे गोठत नाहीत याचे रहस्य मोठे मौजेचे आहे. पंजात उतरणारे उष्ण रक्त आणि वर परतणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या इतक्या लगटून असतात की, उतरणारे रक्त आपली उष्णता परतणाऱ्यास देऊन टाकते आणि ती देहाबाहेर जात नाही. परंतु तेथील कुत्र्यांचीही भिस्त केवळ देहावर नसते. ती बर्फात खळगा करून, अंगाचे वेटोळे करून, नाकावर शेपूट घेऊन निजतात.

आता पुन्हा सनदेकडे येऊ. रस्त्यावरच्या पिलास एका रात्री गोणपाट देणे हे सत्कर्म आहे, यात शंका नाही. परंतु ते पिलू जगले म्हणजे वर्षाच्या आत मोठे होते, आणि दुसऱ्या भाद्रपदानंतर त्याचीही पिले त्याच फरशीवर कुडकुडू लागतात. मोठ्या झालेल्या कुत्र्यांच्या टोळ्यांची लहान मुलांस आणि म्हाताऱ्यांस वाटणारी भीतीही खोटी नाही. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो; म्हणून मूल पिलाशी खेळताना ओरखडले तरी जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. जे घर दया करते त्याच घरास ही भीती बाळगावी लागते, आणि जे घर भीते ते दया करणाऱ्यास दोष देते. आळीआळीत यावरून भांडणे होतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे. दोघांचाही उपाय अपुरा आहे.

दयेस दप्तराची जोड मिळाली म्हणजेच ती पुरी पडते. निर्बीजीकरण आणि पिसाळ रोगाची लस ही आपल्या काळातील सनद होय. केंद्र सरकारच्या २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी हे काम स्थानिक संस्थांकडे सोपविले आहे. साताऱ्यास नगरपरिषदेकडे, सांगलीस महानगरपालिकेकडे. परंतु सनद लिहिली म्हणजे पालखी चालत नाही. तिला भोई लागतात. आपल्या आळीतील कुतरी कोणती, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली की नाही, लस टोचली की नाही, हे सांगणारा एक तरी गृहस्थ किंवा गृहिणी प्रत्येक आळीत असली पाहिजे. भाद्रपदापूर्वी एका कुतरीचे काम झाले, तर पौषात पाच-सहा पिलांची थंडी वाचते. कितीही गोणपाटांनी हे साधणार नाही.

पालखी ही अखेर काय वस्तू आहे? जमिनीपासून उचललेली बैठक, तिच्यावर गादी, बाजूंस आडोसा, आणि ती रोज उचलण्यासाठी नेमलेली माणसे. डफला तीत वेड दिसले, दरबारास तीत मान दिसला. थंडीने गारठणाऱ्या प्राण्याच्या बाजूने पाहिले, तर त्यास जे जे हवे असते ते सारे तीत आहे. आणि किनखाब मात्र नसला तरी चालतो.